मलप्रभेच्या डोहात थर्मामीटर

बेळगावकडच्या खानापूरला आत्याकडे एप्रिलात जायचं ते काजू, फणस आणि दुपारची झोप यांसाठी. यंदा चुलतभाऊ, आमचा दादा, बरोबर होता आणि त्याच्या सामानात गळकाठी होती. दादा हिमाचलात, तीर्थन खोऱ्यात फ्लाय फिशिंग शिकून आलाय. तिथल्या ट्राउटचं कौतुक ऐकून घरात सगळ्यांचे कान किटलेत. ट्राउट पडला थंड पाण्याचा मासा, मलप्रभेत तो कुठला? इथे महसीर, मरळ, वाम. पण गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी कुठल्याही नदीत टाकता येते, असं त्याचं म्हणणं. गांडूळ नको, कणकेचा गोळा नको. फेकायला लागणारं वजन दोरीतच असतं. ती मागेपुढे झुलवत माशी पाण्यावर अलगद टेकवायची. बघायला छान वाटतं, हे मान्य.

कणकुंबीहून येणारी नदी उन्हाळ्यात जांबोटीच्या वाटेवर पार तुटक होते. खडक, शेवाळ, मग एखादा डोह. दादाने काठी जोडायच्या आधी सुतळीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला. सकाळी साडेसहाला 24 अंश! ट्राउटच्या नदीवर म्हणे 20च्या पुढे गेलं की सामान आवरायचं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: 10 अंशांना लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, 30ला जेमतेम साडेसात. आणि नेमका त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. दादा मासा धरून परत सोडणाऱ्यांतला. पण अशात मासा गळाला लागून झुंजला, तर सोडल्यावर पोहत जातो खरा, पण मागाहून मरतो. अमेरिकेत मोंटानात नद्या तापल्या की दुपारी दोननंतर मासेमारी बंद ठेवतात. आमचा महसीर ट्राउटपेक्षा उष्मा सोसतो, तरी आटलेल्या डोहात त्याचे हाल वेगळे नसतात. पारा 27वर गेला तशी दादाने काठी मिटली. एकही मासा न लागता. मला मनातून बरंच वाटलं, ऊन फार होतं.

आम्ही जांभळीखाली दशम्या सोडल्या आणि पलीकडच्या काठावर गाडी थांबली. तरुण मंडळी, महागडी सामग्री, गाणी मोठ्याने. भर बारा वाजता त्यांच्या गळाला वीतभर महसीर लागला. मग फोटो. एकाने धरला, दुसऱ्याने धरला, कोरड्या हातांनी. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यानेच निघतो. मासा उन्हात तोंड वासतोय आणि ही मंडळी टोप्या नीट करताहेत. दादा उठून ओरडला, तर उत्तर आलं, "सोडणारच आहोत, काका!"

शेजारी म्हशींना पाणी दाखवायला आलेले एक मामा बसले होते. म्हणाले, "सोडालेत म्हणे. खरं जिवंत कुठं हाय ते?"

त्यांनी सोडला. दादा पाण्यातून पलीकडे गेला, मासा ओंजळीत घेऊन दोन खडकांमधल्या पाझराशी तोंड करून धरला, कारण डोहात धार नाही आणि कल्ल्यांतून पाणी फिरायला काहीतरी वाहतं हवं. कल्ले उघडले, मिटले. आतली लाली फिकट पडत चाललेली इथून दिसत नव्हती, ती दादाने नंतर सांगितली. मासा हातभर गेला, कलंडला, पांढरं पोट वर. मामांनी जाऊन उचलला आणि टॉवेलात गुंडाळला. "वाया कशाला घालवायचं?"

पकडून खाणाऱ्यांवर माझा राग नाही. सोडल्याचं पुण्य फोटोखाली मिरवणाऱ्यांवर आहे. एक थर्मामीटर कितीला पडतो?

दुसऱ्या दिवशी वळीव झाला, नदी गढूळ, काठी पिशवीतच राहिली. आत्याला सगळं सांगितलं तर तिचं भलतंच.

"धरून परत सोडायचं? मग गेलासा कशाला? बाजारात गोव्याचे बांगडे आलते की."