बोरीबंदर ते ठाणे: गाईड करू नका, भायखळा चुकवू नका

सीएसएमटीच्या, म्हणजे जुन्या बोरीबंदरच्या जागी उभ्या असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, दारात गाईड करू नका. माझे ८०० रुपये आणि अख्खी दुपार त्यात गेली.

बेत साधा होता. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३:३५ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगीनगाडी सुटली. १४ डबे, ४०० पाहुणे, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, वर २१ तोफांची सलामी. त्याच वेळेची ठाणे स्लो पकडून तोच ३४ किलोमीटरचा रस्ता मला बघायचा होता.

गाईडने घुमटाकडे बोट केलं, "याच इमारतीतून सुटली." साफ चूक! ही इमारत तेव्हा नव्हतीच. वास्तुविशारद स्टीव्हन्सच्या आराखड्यावर तिचं काम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. रेल्वे यावी म्हणून झटलेल्या, रेल्वे कंपनीच्या संचालकांत असलेल्या नाना शंकरशेटांचं नावसुद्धा त्याने घेतलं नाही, याचा मला खरा संताप आला. आतलं वारसा दालन बघायचं तर शनिवारी जाऊ नका, मी बंद दारावरून परत आलो. फाटकावरचे सिंह आणि वाघ, तिकीटघराच्या निळ्या छतावरच्या सोनेरी चांदण्या फुकटात दिसतात.

या घोळात साडेपाच वाजले. दादरनंतर एक पाय हवेत, कोणाच्या तरी डब्याची कडी बरगडीत, खिडकी दिसतच नव्हती. त्याआधी भायखळ्याला उतरायचं होतं, दारापर्यंत पोचलोच नाही. कुर्ला ते मुलुंड फक्त घाम आठवतो. उभं राहायची सवय तुम्हाला असेलच, तरी संध्याकाळी हा प्रवास करू नका.

रविवारी सकाळी पुन्हा गेलो, गाडी रिकामी, मजेत झालं. थेट भायखळ्याला उतरा. १८५२ मध्ये रेल्वेमार्गाच्या बांधकामाचं 'फॉकलंड' इंजिन इथल्याच मैदानात फिरायचं. स्टेशनची इमारत १८५७ ची, म्हणजे सीएसएमटीपेक्षा वयाने मोठी, आणि अलीकडेच नीट दुरुस्त केलेली. फलाटावर उभं राहून दगडावर हात ठेवला आणि आदल्या दिवसाचा सगळा वैताग उतरला. वाफेच्या काळाचं मुंबईत काही बघायचं असेल तर आधी हे. सीएसएमटी नंतर, रस्त्यापलीकडून, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने.