साउंडवाल्याच्या टेबलावरचा ९९चा आकडा

जर्मनीतल्या कोलोनच्या मोठ्या हॉलमध्ये रॅपचा कार्यक्रम असला की स्टेजकडे बघण्याआधी एकदा मागे वळून बघावं. उभ्या प्रेक्षकांच्या मागच्या बाजूला लोखंडी कठड्याच्या आत साउंडवाल्याचं टेबल असतं. तिथे मिक्सरच्या शेजारी एक छोटा स्क्रीन असतो आणि त्यावर आवाजाचा, डेसिबलमधला एक आकडा सारखा बदलत असतो. ९६.४, ९७.८, ९८.९. सरासरी नव्व्याण्णवच्या वर जाऊ द्यायची नाही, ही त्या माणसाची जबाबदारी. समोर पंधरा हजार पोरं ओरडत असोत, स्टेजवर कितीही मोठं नाव असो.

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या लग्नसराईत वाढलेल्या माणसाला तिकिटाच्या किमतीपेक्षा, मोशपिटपेक्षाही (गर्दीतल्या धक्काबुक्कीच्या नाचापेक्षाही) हा आकडाच जास्त हलवून सोडतो. आपल्याकडे डीजे ठरवताना विचारतात, किती बॉक्स, किती बेस. किती डेसिबल, असं विचारणारा वरबाप अजून जन्माला यायचा आहे.

जर्मनीत यासाठी तिथल्या मानकसंस्थेचं डीआयएन १५९०५, भाग ५ नावाचं मानक आहे. कोणत्याही अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर नको, आणि क्षणभराचा तडाखासुद्धा १३५च्या पुढे नको. आवाज ८५च्या वर जाणार असेल तर प्रेक्षकांना तसं आधी कळवायचं, ९५च्या वर जाणार असेल तर कानात घालायचे बोळे द्यायचे. हा कायदा नाही, मानकच आहे. पण उद्या कुणाच्या कानाला इजा झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर आयोजकाने हे मानक पाळलं होतं का, हे तिथे बघितलं जातं. म्हणून पाळतात. मोजमापही सोयीच्या कोपऱ्यात करून चालत नाही. प्रेक्षक जिथे जाऊ शकतो त्यातली सगळ्यात कर्कश जागा आधी शोधायची, तिथला आवाज आणि टेबलाजवळचा आवाज यांतला फरक काढायचा, आणि तो फरक स्क्रीनवरच्या आकड्यात आधीच मिळवून ठेवायचा. म्हणजे साउंडवाला बसतो मागे, पण त्याला दिसतो तो पुढच्या पोराच्या कानातला आवाज.

आता ९९ म्हणजे कमी, असं कुणी समजू नये. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच संस्थेने जो हिशेब सांगितला आहे, त्यात ८५ डेसिबलला ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ९९ला जेमतेम १९ मिनिटं मिळतात. दोन तासांचा कार्यक्रम म्हणजे दिवसभराच्या वाट्याच्या सहापटीपेक्षा जास्त. म्हणून ते बोळे शोभेचे नाहीत. बारवर, क्लोकरूमपाशी किंवा प्रथमोपचाराच्या टेबलावर विचारलं की मिळतात.

फोमचा बोळा बहुतेक जण चुकीचा घालतात आणि मग म्हणतात, काही फरकच पडत नाही. दोन बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते. मग बोळा आत सरकवून २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा, तो फुगेपर्यंत. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो बसलेला नाही. फोमची एक अडचण खरी आहे. तो वरच्या पट्टीतला आवाज जास्त खातो, आणि रॅपचे शब्द तिथेच असतात. त, च, स, श बोथट होतात. ज्यांना वर्षातून तीन-चार कार्यक्रम बघायचे आहेत त्यांनी वीस-पंचवीस युरोंचे फिल्टरवाले बोळे घ्यावेत. ते सगळ्या पट्ट्यांतला आवाज साधारण सारखा, १५ ते २० डेसिबलने खाली आणतात. ९९चे ८४ झाले की दोन तास बिनघोर.

हा ९९चा आकडा ‘ए’ पद्धतीने मोजतात. म्हणजे माणसाचा कान जसा ऐकतो तसा, खालच्या पट्टीला कमी भाव देऊन. ५० हर्ट्झचा बेस या मोजणीत तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. हिप हॉपचा जीव तर तिथेच. १९८०मध्ये आलेल्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा तो लांबत जाणारा किक, ४० ते ६० हर्ट्झमधला. म्हणून आकडा ९८ असतो आणि छाती तरी धडधडत असते. आपल्याकडे वरात गल्लीतून गेली की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि डीजेवाला मोबाइलवरचं ॲप दाखवून म्हणतो, बघा दादा, एवढाच आवाज आहे. तो खोटं बोलत नसतो. ॲप ‘ए’वर असतं. ‘सी’वर, म्हणजे खालच्या पट्टीलाही जवळपास पुरा भाव देणाऱ्या मोजणीवर, करून बघितलं की बेसचा खरा हिशेब कळतो.

उभं कुठे राहायचं हे पण इथेच ठरतं. स्टेजला चिकटून उभं राहिलं तर कलाकाराचा घाम दिसतो, शब्द कळत नाहीत. वरचे लांबट स्पीकर छताला टांगलेले असतात आणि त्यांचा नेम मागच्या लोकांवर असतो. पुढच्यांना खालचे सबवूफर, म्हणजे बेसचे बॉक्स, मिळतात. सब डाव्या-उजव्या बाजूला असले तर दोन्हीकडचा बेस हॉलच्या बरोबर मधल्या पट्ट्यात एकत्र येतो. तिथे तो प्रचंड, बाजूला सरकत गेलं की काही ठिकाणी एकदम पोकळ. साउंडवाल्याच्या टेबलाच्या थोडं पुढे आणि मधल्या रेषेपासून थोडं बाजूला, ही जागा सगळ्यात चांगली. साउंडवाला स्वतःच्या कानाने तिथलाच आवाज जुळवत असतो. पाठ भरून आली तर टेकायला कठडाही मिळतो.

तरीही कधी कधी शब्द गढूळ येतात, आणि दरवेळी दोष साउंडवाल्याचा नसतो. रॅपर माइकची जाळी मुठीत धरतो ना, तिथे घोटाळा होतो. माइकला मागून हवा घेणारी छिद्रं असतात. त्यांच्यामुळेच तो समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो. मुठीने ती बुजली की माइक चारी बाजूंचं ऐकायला लागतो, आवाज नाकात बोलल्यासारखा होतो आणि शिट्टी वाजायला लागते. पट्टीचा कलाकार माइक दांड्याला धरतो. एक-दोन गाण्यांत हे ओळखू येतं.

आणखी एक बघण्यासारखं. लांब ओळीच्या शेवटी मुख्य रॅपर श्वास घेतो तेव्हा बाजूचा साथीदार शेवटचे दोन शब्द उचलतो. इथले लोक त्याला हाइप मॅन म्हणतात. तमाशातला झीलकरी ज्याने ऐकला आहे त्याला हे नव्याने समजावून सांगावं लागत नाही. आणि यमक, श्वास, ताल यांचं म्हणाल तर आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोटाच्या, म्हणजे जात्याच्या तालावर, शेतात राबता राबता ओव्या रचल्या जायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून आज आपल्याला माहीत. अमेरिकन रॅपर केन्ड्रिक लामारला २०१८मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं तेव्हा जग चकित झालं, रॅपला एवढा मान! तोंडी रचलेल्या बोलीतल्या कवितेला मान द्यायला खानदेशला पुलित्झरची वाट बघावी लागली नाही. जळगावच्या आपल्या विद्यापीठाला त्याच वर्षी बहिणाबाईंचं नाव मिळालं.

हिप हॉप काही गुळगुळीत हॉलमध्ये जन्मलेलं नाही. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या खालच्या खोलीत कूल हर्कने जी पार्टी वाजवली, ती त्याच्या बहिणीने शाळेसाठीच्या कपड्यांचे पैसे जमवायला ठेवली होती. हर्क मूळचा जमैकाचा. गल्लीत भलेमोठे स्पीकर लावून लोकांना नाचवायची तिथली रीत तो सोबत घेऊन आला होता. म्हणजे या कलेचा बाप डीजेवालाच. टेम्पोवर बॉक्स चढवणाऱ्या आपल्या पोरांना कुणी खालचं समजू नये.

बाकीची तयारी थोडक्यात. तिकीट ऐंशी ते सव्वाशे युरो. रुपयांत मोजत बसलं तर इथे कुणी घराबाहेरच पडणार नाही, आणि आयुष्यभर कानाला हेडफोन लावून ऐकलेला माणूस एकदा समोर बघायला तेवढे द्यावेत, त्यात उधळपट्टी काही नाही. तिकिटावर त्या भागातला बस-रेल्वेचा प्रवासही धरलेला असतो, पण तसं छापलेलं असेल तरच. ते नीट वाचावं. साधारण कार्यक्रमाच्या चार तास आधीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत, दुसऱ्या वर्गात, आणि लांब पल्ल्याच्या आयसीईत चालत नाही. चुकून बसलात तर किमान ६० युरो दंड. पिशवी ए-४ कागदापेक्षा मोठी नको. पराठ्यांचा डबा आत जात नाही, त्यामुळे पाचलाच जेवून निघावं. जाकीट क्लोकरूममध्ये टाकावं, आत अंगात ठेवलं तर भिजून निघतं. पेल्यासाठी अनामत घेतात, सोबत टोकन दिलं तर ते जपून ठेवावं, नुसता पेला परत केला तर पैसे मिळत नाहीत. फाटक साडेसहाला उघडतं, पहिला कलाकार आठला येतो, आणि मुख्य माणूस नऊच्या आसपास. पत्रिकेवर सातचा मुहूर्त आणि नवरदेव साडेनऊला, असं होत नाही.

गर्दीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. इथल्या सभागृहांच्या नियमांत उभ्या प्रेक्षकांसाठी एका चौरस मीटरला दोन माणसं, हा हिशेब आहे. दर २०० माणसांमागे बाहेर पडायचा रस्ता १.२० मीटर रुंद. स्टेज आणि पहिला कठडा यांत किमान २ मीटर मोकळी वाट, सुरक्षेच्या आणि मदतीच्या लोकांसाठी. स्टेजपुढे ५०००पेक्षा जास्त लोक उभे राहणार असतील तर आणखी किमान दोन कठडे, म्हणजे मागचा लोंढा पुढच्यांच्या बरगड्यांवर येत नाही. मोशपिट सुरू होताना मधे गोल मोकळा होतो. तो दिसला की ठरवायचं, आत की बाहेर. काठावर रेंगाळणाऱ्यालाच सगळ्यात जास्त धक्के बसतात. हात छातीपुढे, बुटाची नाडी पक्की, आणि कुणी पडलं तर आधी त्याला उचलायचं. हा शेवटचा नियम कुठे लिहिलेला नसतो, पण सगळे पाळतात.

तरी हे सगळं पाहून आपल्या लोकांना नावं ठेवायचं कारण नाही. याच देशात, कोलोनपासून तासाभराच्या अंतरावर, ड्युइसबुर्गच्या लव्ह परेड या संगीताच्या मेळ्यात २४ जुलै २०१० रोजी चेंगरून २१ जण गेले. शिस्त इथल्या रक्तात नाही, ती रोज नव्याने करावी लागते.

आणि नियम आपल्याकडेही आहेत, उलट जास्त कडक. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलं आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षात फार तर १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. कमी पडतो तो मिक्सरच्या शेजारचा स्क्रीन. आपल्या वरातीत मात्र तिकीट नसतं, पिशवी कुणी तपासत नाही, आणि ऐंशीची आजी नातवाच्या हळदीत नाचते. इथल्या हॉलमध्ये आजी दिसत नाही. ही आपली श्रीमंती आहे, आणि ती टिकवायची तर आजीचे कान वाचवायला हवेत.

ते अवघड नाही. मोकळ्या जागेत छोट्या बॉक्सपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. आठ मीटरवर ९९ असेल तर चार मीटरवर १०५ आणि दोन मीटरवर १११. टेम्पोला चिकटून नाचणारी पोरं त्या १११मध्ये असतात. मोठ्या सिस्टीमचा आवाज जवळच्या अंतरात थोडा हळू उतरतो, पण पोरांच्या कानाला त्याने काही फरक पडत नाही. म्हणून टेम्पोच्या मागे चार मीटरवर दोरी धरायची, वरचे बॉक्स माणसाच्या डोक्यावरून जातील असे उंच आणि किंचित तिरपे लावायचे, सब खाली जमिनीलगत. आवाज ठरल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा लिमिटर बहुतेक सिस्टीममध्ये आधीच असतो, तो लावून त्यावर चिकटपट्टी मारायची, म्हणजे रात्री साडेनऊला नवरदेवाच्या मित्रांनी आग्रह केला तरी हात जात नाही. शब्दही कळायला लागतात, अहिराणी गाण्यात तर तेच हवं असतं.

कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर त्या रात्री हेडफोन लावू नये. दुसऱ्या दिवशीही वाजत असेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल तर वाट न बघता कानाच्या डॉक्टरकडे जावं. सुरुवातीच्या दिवसांत उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

दिवाळीत गावी येणाऱ्यांनी चॉकलेटच्या पुड्यांसोबत फोमच्या बोळ्यांचा एक डबा आणावा. पन्नास जोड्या दहा-बारा युरोंना मिळतात, वजन काहीच नाही. पहिली जोडी जनरेटरपाशी रात्रभर बॉक्सच्या मागे उभ्या असलेल्या पोराला द्यावी, आणि बसवायची कशी ते त्याला एकदा करून दाखवावं.