हॅव, हॅड आणि नुसता भूतकाळ : सरावाची पुढची नोंद

'सिन्स' आणि 'फॉर' मागच्या टप्प्यात उरकले. आता इंग्रजीतला साधा भूतकाळ, 'हॅव'चा पूर्ण वर्तमानकाळ आणि 'हॅड'चा पूर्ण भूतकाळ.

मराठी माणूस सर्वांत जास्त अडखळतो 'हॅड'पाशी. "काल मी त्याला भेटलो होतो" हे आपलं रोजचं वाक्य. त्याचं "आय हॅड मेट हिम यस्टरडे" केलं की ऐकणारा थांबून राहतो : भेटला होता, पण कशाच्या आधी? आपल्या 'होतो'ला सोबतीची घटना लागतेच असं नाही. 'हॅड'ला मात्र भूतकाळातलाच दुसरा क्षण लागतो, उघड किंवा गृहीत. तो नसेल तर सरळ "आय मेट हिम यस्टरडे".

तो असेल तेव्हा 'हॅड'ने अर्थच फिरतो. "व्हेन आय गॉट देअर, द ट्रेन हॅड लेफ्ट" : गाडी आधीच गेलेली. "व्हेन आय गॉट देअर, द ट्रेन लेफ्ट" : पोचलो आणि तेवढ्यात सुटली. 'बिफोर' किंवा 'आफ्टर'ने क्रम कळत असेल तर साधा भूतकाळ पुरतो.

'हॅव'चं दुखणं उलटं. "पाहुणे काल आले आहेत" मराठीत चालतं; "द गेस्ट्स हॅव कम यस्टरडे" चालत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019 असा संपलेला काळ वाक्यात आला की 'हॅव' बाद. 'धिस मॉर्निंग' मात्र घड्याळ बघून ठरतं : सकाळी दहाला "हॅव यू सीन हर धिस मॉर्निंग?", दुपारी चारला "डिड यू सी हर धिस मॉर्निंग?"

काळाचा शब्दच नसेल तर आत्ताची स्थिती बघा. "आय हॅव लॉस्ट माय की" म्हणजे किल्ली अजून हरवलेलीच आहे. "आय लॉस्ट माय की" म्हटल्यावर ती नंतर सापडलीही असेल. ('जस्ट', 'येट', 'ऑलरेडी'सोबत अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळही सर्रास येतो, त्याला चूक धरू नका.)

सरावासाठी छोटा उतारा घ्या, क्रियापदं झाका, काळ दाखवणाऱ्या शब्दांखाली रेघ मारा, मगच रूपं भरा. संवादाचे उतारे जास्त उपयोगी. तिथे विषय 'हॅव यू एव्हर'ने निघतो, आणि 'कधी?', 'कुठे?' असे प्रश्न सुरू झाले की लगेच साधा भूतकाळ येतो. ही वळणाची जागा आधी हेरा.

पुढच्या टप्प्यात 'हॅव रेड' आणि 'हॅव बीन रीडिंग'.