नारिंगी टोक

सोफा सरकवला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास सापडतात. एक सुटा मोजा आणि नर्फ नावाच्या खेळण्यातल्या बंदुकीच्या फोमच्या गोळ्या. गेल्या रविवारी १९ निघाल्या. चिरंजीव सात वर्षांचे, आणि त्यांच्या शस्त्रागारात सध्या तीन नर्फ. कंपनी त्यांना बंदूक म्हणत नाही, ब्लास्टर म्हणते. आम्हीही तेच म्हणतो, कारण इथे अमेरिकेत मुलाने वर्गात ‘गन’ हा शब्द काढला की आईला शाळेतून फोन येतो. आला होता एकदा.

तो चार वर्षांचा असताना मीच त्याला नियम शिकवला होता. टोक नारिंगी असलं तर खेळणं. नसलं तर हात लावायचा नाही, तडक मोठ्या माणसाला जाऊन सांगायचं. शिकवतानाही मला फार शहाणं वाटलं होतं, कारण नियमाला कायद्याचा आधार होता. १९८८ साली इथल्या संसदेने ठरवलं की खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीत भडक नारिंगी बूच हवं, आणि तेही तोंडापासून ६ मिलिमीटरपेक्षा जास्त आत नको. (हे कलम चक्क ऊर्जाबचतीच्या एका कायद्याला शेपटासारखं जोडलेलं आहे. कुठून कुठे!) निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेमबरोबर मिळणारं राखाडी पिस्तूलही त्यानंतर नारिंगी झालं.

मग एक दिवस तो फोटो बघितला. नॉर्थ कॅरोलिनातल्या कटॉबा काउंटीच्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या लोकांनी २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या छाप्यात जप्त केलेली वस्तू. निळा रंग, त्यात नारिंगी, आणि खाली गलेलठ्ठ गोल मॅगझिन. बघितल्या बघितल्या माझ्या मनात काय आलं असेल? ‘हे मॉडेल आपल्याकडे नाही.’ ते खरं पिस्तूल होतं, ग्लॉक कंपनीचं. त्या गोल डब्यात ५० गोळ्या मावतात, आणि त्या सोफ्याखाली शोधायच्या गोळ्या नव्हेत.

गुन्हेगाराने लपवाछपवीसाठी असं काही केलं तर एक वेळ समजू शकते. पण त्याच वर्षी युटामधल्या कल्पर प्रिसिजन नावाच्या कंपनीने असलीच वस्तू राजरोस विकायला काढली. ग्लॉकला लाल, पिवळं, निळं कवच चढवलेलं, वर लेगोच्या ठोकळ्यांसारखे गोल गोल उंचवटे. नाव ‘ब्लॉक १९’, म्हणजे ग्लॉक १९ या मॉडेलच्या नावावर कोटी. किंमत ५४९ ते ७६५ डॉलर. खऱ्या लेगोने पत्र धाडलं, हे थांबवा. कंपनीने थांबवलं, आणि २० पेक्षा कमी विकल्याचं सांगितलं. नेमबाजी किती मजेची असते हे लोकांना दाखवायचं होतं, असा त्यांचा युक्तिवाद. मजा दाखवायला जगातली नेमकी कुठली वस्तू निवडली, तर जी जमिनीवर पडलेली दिसली की मूल आपोआप खाली बसतं ती.

रंगाचं म्हणाल तर माझं फार भांडण नाही. सेराकोट म्हणून सिरॅमिकचा एक लेप असतो. बंदुकीचे भाग सुटे करून त्यावर तो फवारतात आणि भट्टीत भाजतात. गुलाबी, जांभळा, हवा तो रंग मिळतो. गाडीला लोक मनाजोगता रंग देतात, तसं. न्यूयॉर्क शहराने २००६ मध्ये अशा रंगांवर बंदी आणली, तर विस्कॉन्सिनमधल्या एका रंगवाल्या कंपनीने न्यूयॉर्कच्या महापौरांच्याच नावाने ‘ब्लूमबर्ग कलेक्शन’ बाजारात आणलं. वात्रटपणा म्हणून मलाही हसू आलं, खोटं कशाला बोला.

हसू थांबलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. इथे ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षितता पाहणारा एक केंद्रीय आयोग आहे. पाळणा, टोस्टर, नर्फ, सगळं त्याच्या अखत्यारीत. खरी बंदूक मात्र नाही, संसदेनेच तिला बाहेर ठेवलं आहे. म्हणजे खेळण्याने आपण खेळणं आहोत हे सिद्ध करायचं, टोकाला नारिंगी बूच लावून. खऱ्या बंदुकीने आपण खऱ्या आहोत असं दिसलं पाहिजे, असा केंद्राचा कायदा नाही. आणि खेळण्याचं बूच निघालं तर? क्लीव्हलँडमध्ये २०१४ साली १२ वर्षांच्या मुलाच्या हातात छर्‍यांची नकली पिस्तूल होती, नारिंगी टोक नसलेली. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांत त्याला गोळी लागली. बागेत खेळत होता.

नवरा म्हणाला, आपण शिकवलंय ना त्याला, कळतं त्याला. मग मी नवऱ्याला एक प्रयोग वाचून दाखवला. २००१ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या एका अमेरिकन मासिकात आलेला. ८ ते १२ वर्षांचे ६४ मुलगे, दोघंतिघं मिळून एका खोलीत १५ मिनिटं. ड्रॉवरमध्ये दोन पाण्याच्या पिस्तुली आणि एक खरी, अर्थात निकामी केलेली. खरी ४८ जणांना सापडली. ३० जणांनी हाताळली. १६ जणांनी घोडा ओढला. सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती खेळण्यातली वाटली किंवा खात्री नव्हती. आणि ज्यांनी हाताळली त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीपासून सुरक्षित कसं राहायचं हे कोणी ना कोणी शिकवलेलं होतं. ती तर साधी, रंग न दिलेली बंदूक होती. नवरा गप्प बसला. घोडा ओढायला जोर लागतो म्हणावं, तर सात-आठ वर्षांच्या दहापैकी नऊ मुलांच्या बोटांत तेवढी ताकद असते, असा १९९५ चा एक अभ्यास आहे. आमचा तर जिभेचं टोक दातांत धरून नर्फचा दांडा दिवसातून शंभरदा मागे ओढतो.

संध्याकाळी त्याला जवळ बसवून सांगितलं, आपला नारिंगी टोकाचा नियम रद्द.

“का?”

“कारण खरीलाही रंग लावता येतो.”

त्याने आपला ब्लास्टर उलटसुलट करून पाहिला. नळीत बोट घातलं. मग म्हणाला, “मग आई, ही खरी नाही हे तुला कसं माहीत?”

“मी दुकानातून आणली म्हणून.”

“खऱ्या पण दुकानातच मिळतात.”

नवा नियम असा केला की दुसऱ्याच्या घरातली कुठलीच बंदूक, कुठल्याच रंगाची, आधी तिथल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय उचलायची नाही. पाण्याचीसुद्धा. त्याला हा सरळसरळ अन्याय वाटतो. प्रयोगातल्या मुलांसारखाच तो हे विसरणार, हेही मला माहीत आहे. म्हणून कुठे खेळायला पाठवायच्या आधी मी त्या घरी फोन करते. इथे डॉक्टरही सांगतात, विचारा म्हणून. पहिल्यांदा विचारताना घसा कोरडा पडला होता, आता सवय झाली. कुत्रं आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी, आणि घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवता का, एका दमात.

शनिवारी वर्गातल्या एका मित्राकडे जायचं होतं. त्याचे बाबा फोनवर होते, सज्जन गृहस्थ. हो, दोन आहेत, म्हणाले, तिजोरीत, गोळ्या वेगळ्या, चिंता नको. मी आभार मानले आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, “रंग कुठले?”

ते क्षणभर थांबले. “माझी काळी. बायकोची फिक्कट निळी आहे.” आणि मग, मी काही बोलायच्या आत, “थांबा हं, एकदा तिजोरी बघूनच येतो.”