तुम्ही विचारलंत म्हणून: बालवाडी सुरू झाली, आता घरी काय करून घ्यायचं?

थंड प्रदेशांत पानगळीच्या तोंडावर बालवाडी सुरू होते आणि आठवडाभरात प्रश्न येतो. "जायला लागलंय हो. आता संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी घरी काय काय करून घेऊ? पानांचे ठसे, बियांच्या माळा, काहीतरी सांगा ना." पाठोपाठ दुसरा: "शाळेत शहाण्यासारखं असतं म्हणे, मग घरी आल्यावर एवढं का पेटतं?" दोन्हींना माझं उत्तर एकच आहे आणि ते फारसं कुणाला आवडत नाही. पहिले दीड-दोन महिने काही करून घेऊ नका. बाहेर न्या, पानांत सोडा आणि शेजारी बसा.

हा आळशीपणाचा सल्ला नाही. अडीच वर्षांचं मूल बालवाडीत तीन तास स्वतःला आवरत असतं. पाळी येईपर्यंत थांबतं, दुसऱ्याने ओढलेली गाडी सोडून देतं, अनोळखी माणसाकडून नाक पुसून घेतं. घरी असलेल्या मुलात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक सकाळी चढलेलं असतं आणि दुपारनंतर उतरतं. दिवसभर गटात राहणाऱ्या पुष्कळ लहान मुलांच्या लाळेत ते दुपारी उलट वाढलेलं आढळलं आहे. घरी आल्यावर मोजा उलटा घातला म्हणून जो आकांत होतो, तो मोज्याचा नसतो. सकाळपासून धरून ठेवलेलं सगळं ते आपल्या माणसापाशी सोडतं. त्याच वेळी तुम्ही डिंक आणि कात्री पुढे मांडली, तर त्याच्या दृष्टीने ती दुसरी शाळा झाली.

म्हणून क्रम असा ठेवा. शाळा सुटल्यावर आधी पाणी आणि खाऊ, मग अर्धा तास बाहेर. "आज काय काय केलंस?" हे विचारू नका, या वयात त्याचं उत्तर देता येत नाही आणि न देता आल्याचीही चिडचिड होते. या दिवसांत अंधार रोज थोडा लवकर पडतो, त्यामुळे बाहेर जाणं जेवणानंतरवर ढकललंत तर ते बुडणारच. झोपेची वेळही अर्धा तास अलीकडे आणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीत १ ते २ वर्षांच्या मुलांसाठी दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांसाठी १० ते १३ तास झोप सांगितली आहे. शाळेमुळे दुपारची झोप तुटली असेल, तर ती भरून निघायला रात्रच उरते.

पानांत सोडायचं म्हणजे डोळे मिटून सोडायचं नाही. ढीग कोरडा हवा. ओल्या ढिगाखाली पाय घसरतो, शिवाय गांधीलमाश्या, गोचिडी आणि बुरशी असते. मूल उडी मारण्याआधी काठीने ढीग उपसून बघा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात ३ सेंटीमीटरहून लहान काही देऊ नका. ओकची बोंडं, गोल बिया, छोटी फळं नेमकी घशात अडकतील एवढी असतात. घोडचेस्टनट (त्या नावाच्या झाडाची बी) मोठा आणि तुकतुकीत असतो, म्हणून हमखास गोळा केला जातो, पण तो विषारी आहे. अळंब्यांना तर हात नाहीच. घरी आल्यावर खिसे रिकामे करणं आणि हात धुणं हा फिरण्याचाच भाग समजा.

गोळा केलेली पानं कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना घाम फुटतो आणि दोन दिवसांत काळे डाग पडतात. टिकवायची असतील तर वर्तमानपत्राच्या घड्यांत एकेक सुटं ठेवून वर जड पुस्तकं रचा. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला, नाहीतर निघालेली ओल तिथेच राहून बुरशी येते. आठ-दहा दिवसांत पान तयार होतं. हे काम मोठ्यांनी मोठ्यांच्या हौशीसाठी करावं. मुलाला यायचं असेल तर येईल.

मूल विचारतं, पान का पडलं? हरितद्रव्य मोडतं तेव्हा आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो, लाल मात्र बहुतेक झाडांत त्या दिवसांतच नव्याने तयार होतो, आणि देठाच्या मुळाशी पेशींचा थर सुटून पान गळतं, हे तुमच्यासाठी. त्याला "झाडाला आता नको होतं, म्हणून सोडलं" असं सांगू नका. ज्या आठवड्यात त्याला रोज कुणीतरी दाराशी सोडून जातं, त्या आठवड्यात हे वाक्य ते स्वतःला लावून घेऊ शकतं. "पान पिकलं, म्हणून पडलं" एवढं पुरे.

आता त्या दाराबद्दल बोलते, कारण तुमच्या उपक्रमांच्या प्रश्नामागे खरं तर तेच असतं.

कित्येक वर्षं मीच पालकांना सांगत आले की खेळात रमलं की हळूच निघा. त्यातून काय होतं ते बघा. मूल वाळूच्या पेटीशी बसलेलं आहे, आई मागे बाकावर. ताई डोळ्यांनी खुणावते, आई चपला हातात घेऊन निघते. मुलाचा पेला वाळूने भरतो. तो दाखवायला ते वळतं. बाकावर कुणी नाही. लगेच रडत नाही. पेला हातात तसाच, नजर बाकावर, मग दाराकडे, पुन्हा बाकावर. वाळू कपड्यांवर सांडत राहते. मग उठून दाराशी जातं, दोन्ही तळवे दारावर टेकवतं, आणि तेव्हा रडू फुटतं. पंधरा मिनिटांनी थांबतं. ताई निरोप पाठवते, "गप्प झालं, काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी ते वाळूकडे जातच नाही. रमलो तेव्हा आई गेली, एवढं त्याला नेमकं कळलेलं असतं. दाराकडे पाठ करून बसत नाही. कोट काढू देत नाही. घरी आई न्हाणीघरात गेली तरी दाराबाहेर हंबरडा. रात्री उठून ती आहे ना, हे हात लावून बघतं. आणि आपण म्हणतो, पहिला दिवस तर किती छान गेला होता!

गप्प होणं म्हणजे रुळणं, ही माझी चूक होती. आईवडिलांपासून तुटून रुग्णालयात राहिलेल्या लहान मुलांकडे बघून जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या ब्रिटिश अभ्यासकांनी तीन टप्पे मांडले: आधी निषेध, मग निराशा, मग अलिप्तपणा. तिसऱ्या टप्प्यातलं मूल बाहेरून शहाणं दिसतं. बालवाडीचे तीन तास म्हणजे रुग्णालय नव्हे, दोन्ही एका मापाने मोजणं चूक ठरेल. पण शांत मुलाकडे पुन्हा एकदा निरखून बघायला त्यांनी शिकवलं. मुलाला बालवाडीत रुळवण्याच्या, जर्मनीत रुजलेल्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस पालक वर्गातच बसतात, मूल एकटं सोडलंच जात नाही. चौथ्या दिवशी पालक सांगून बाहेर जातात, जास्तीत जास्त अर्धा तास. तो दिवस सोमवार असेल तर मंगळवारवर ढकलतात, कारण सुट्टीनंतर सगळं पुन्हा ताजं होतं. कसोटी रडण्याची नसते. ताईने जवळ घेतल्यावर काही मिनिटांत शांत होतं का, ही असते. होत नसेल तर पालक परत येतात आणि पुढचे काही दिवस प्रयोग थांबतो.

निरोप दोन मिनिटांचा असावा आणि रोज तोच. कोट खुंटीला, हात धुणं, एक मिठी, आणि "गोष्ट झाली, खाऊ झाला की मी दाराशी." घड्याळातली वेळ त्याला कळत नाही, गोष्टीनंतर खाऊ हे कळतं. मग मुलाला ताईच्या हातात द्या. जमिनीवर उभं करून निघालात तर मधल्या दोन पावलांत ते तुमच्या पायाला मिठी घालतं, आणि मग ओढून सोडवावं लागतं. निघालात की वळून खिडकीत डोकावू नका.

"म्हणजे समोर रडू द्यायचं?" हो. हे मलाही सहज म्हणता येत नाही. हळूच निघण्यात त्या क्षणी रडू कमी असतं, हे मी पूर्वी सांगत होते तेच आहे आणि ते आजही खरं आहे. काही मुलं तशीही रुळतात. तरी ज्या मुलाला माहीत आहे की सांगितल्याशिवाय कुणी जात नाही, ते रडून झाल्यावर वाळूकडे वळू शकतं. माझा कल आता तिकडे आहे. दाराशी उभं असताना मात्र जुनं मत दर वेळी डोकं वर काढतं.

शिकवायचंच असेल तर कोट शिकवा. कोट जमिनीवर, आतली बाजू वर, कॉलर मुलाच्या पायांकडे. वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि कोट डोक्यावरून मागे टाकायचा. कॉलर पलीकडे राहिली तर कोट उलटा येतो, खालची कड मानेशी. घाई नसेल अशा संध्याकाळी पाच-सहा वेळा करून बघा.

आणि पानांचं एक काम सांगते. फिरताना मुलाने स्वतः उचललेलं एक पान त्याच्या खिशात, तसंच एक तुमच्या. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५३ मध्ये ज्या आधारवस्तूंबद्दल (आई जवळ नसताना मूल धरून ठेवतं ती चिंधी, बाहुली) लिहिलं, त्या मूल स्वतः निवडतं, म्हणून पान तुम्ही निवडून देऊ नका. नको म्हणालं तर राहू दे. जाड, चिवट पान दोन रात्री पुस्तकाखाली ठेवलं तर चार-पाच दिवस टिकतं. पातळ पानाचा दुपारपर्यंत भुगा होतो, आणि भुगा झालेलं पान पाहून रडण्याचा तो एक नवा प्रसंग. ताईला आधी सांगून ठेवा, नाहीतर कचरा म्हणून खिसा झटकला जातो.