बंड्याची वाटी आणि वजनकाटा

मंगळवार, रात्र

आज पहिल्यांदा आमच्या कुत्र्याचे, बंड्याचे जेवण वजनकाट्यावर ठेवले आणि गेले तीन महिने आपण त्याला निव्वळ अंदाजाने वाढत होतो, हे निमूटपणे मान्य केले. बंड्या आता १३ वर्षांचा आहे. दोन दाढा काढाव्या लागल्यापासून तो विकतच्या खाद्याच्या कोरड्या गोळ्यांकडे पाठ फिरवू लागला, म्हणून मी चिकन उकडून भातात कालवून द्यायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी वाटी चाटूनपुसून लख्ख झालेली पाहिली आणि प्रश्न सुटला, असे मी धरून चालले. ‘घरचे’ या शब्दावर माझा नको तितका विश्वास होता.

पशुवैद्यबाईंनी मात्र शांतपणे एकच विचारले, ‘यात कॅल्शियम कुठून येते?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, आणि फार तर त्याच्या दुप्पट असावे लागते. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरते, त्यामुळे हे प्रमाण पार उलटे होते. रक्तातली पातळी राखण्यासाठी शरीर ही तूट हाडांतून उचलते, आणि म्हणून रक्ताचा अहवाल बराच काळ निर्दोष दिसत राहतो. हाडासकट शिजवून घालावे, असे माझ्या मनात आलेच होते. पण शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुतू शकतात, तेव्हा तो मार्ग बंद.

दुसरी चूक मी शहाणपणा समजून करत होते. म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिने कमी द्यावीत, असे कुणीतरी सांगितले म्हणून मी चिकन कमी करून भात वाढवत गेले, आणि बंड्याच्या मागच्या मांड्या दिवसेंदिवस उतरत चालल्या तरी ते वयावर ढकलत राहिले. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहार बदलावा लागतो, आणि तिथेही मुख्य लक्ष फॉस्फरसवर असते. ज्याची मूत्रपिंडे ठीक आहेत, अशा वयस्क कुत्र्याला स्नायू टिकवण्यासाठी चांगली प्रथिने पुरेशी मिळालीच पाहिजेत. बंड्याच्या तपासण्या ठीक आल्या. म्हणजे इतके दिवस मी त्याच्या वाटीतून नेमके तेच काढून घेत होते.

गुरुवार

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या होत्या, त्याविषयी आज वाचले. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा निघाला, आणि त्यांतल्या कितीतरी पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. मग माझ्या मनाने रचलेल्या चिकन-भाताची काय कथा! जस्त, ई आणि ड जीवनसत्त्वे, आयोडीन हे सगळे आता बाईंनी बांधून दिलेल्या आहारातल्या पुडीतून जाते, आणि ती पुडी मी एकही दिवस चुकवत नाही.

कॅलरींचा हिशेब मी कागदावर दोनदा केला. वजनाचा ०.७५ वा घात काढून त्याला ७० ने गुणायचे. त्याचे वजन जिथवर उतरवायचे, त्या २० किलोंसाठी हा विश्रांतीचा आकडा साधारण ६६० येतो, आणि बंड्यासारख्या कमी हिंडणाऱ्या म्हाताऱ्याला त्यावर थोडी भर घालून दिवसाला ८०० च्या आसपास पुरे होतात. तो २२ किलोंचा झाला आहे, त्याची कमर दुखते, आणि प्रत्येक जादा किलो त्या कमरेवरच बसतो. ४८ लॅब्राडोर पिल्लांना जोडीजोडीने वाढवून, प्रत्येक जोडीतल्या एकाला आयुष्यभर २५ टक्के कमी अन्न दिल्याचा एक दीर्घ प्रयोग आहे. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे ११.२. हे वाचल्यापासून ‘आणखी एक घास’ म्हणताना माझा हात आखडतो. (त्याचे डोळे पाहिले की पुन्हा सैल सुटतो, हेही नमूद करायला हवे.)

रविवार

आठवड्याचा स्वयंपाक झाला. आठवडाभर साठवलेली अंड्यांची टरफले उकळून, वाळवून मिक्सरमध्ये फिरवली. पहिल्या खेपेची पूड चिमटीत चोळून पाहिली तर वाळूसारखी खरखरली, म्हणून गाळून पुन्हा फिरवली. पिठीसारखी मऊ झाली तेव्हाच डबीत भरली. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि बंड्याला दिवसाला अर्धा चमचा ठरवून दिला आहे. खिमा, भात, लाल भोपळा, गाजर आणि काळजाचा अगदी लहान तुकडा. काळीज जास्त झाले तर अ जीवनसत्त्व अंगात साचते. कांद्या-लसणाला थारा नाही. मागे एकदा आमच्यासाठी केलेल्या रश्श्यातले पाणी मी त्याच्या भातावर ओतले होते. कांदा शिजला तरी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हते.

तीन दिवसांचे डबे फ्रिजमध्ये आणि उरलेले बर्फाच्या कप्प्यात ठेवले. जुन्या जेवणात नवे थोडे थोडे मिसळत आज आठवा दिवस, पोट बिघडलेले नाही. संध्याकाळी वाटी थेट फ्रिजमधून काढून पुढे केली तर त्याने नुसते पाहिले आणि मान वळवली. वयाबरोबर त्याचे नाक मंदावले आहे आणि गार अन्नाला वास तो कसला येणार? चमचाभर गरम पाणी घालून वाटी कोमट केली, मान फार वाकवावी लागू नये म्हणून पाटावर ठेवली, तेव्हा आधी नाकपुड्या हलल्या, मग शेपटीचे टोक, आणि मग तो चारही पायांवर एकदम उठायचा प्रयत्न करत माझ्याकडे आला.

सगळे खाल्ले. गाजराचे चार तुकडे तेवढे वाटीच्या कडेला, स्वच्छ चाटून, ओळीने ठेवले आहेत. उद्यापासून गाजर किसून घालेन.