सिटी कौन्सिलच्या जाहीर सुनावणीतून जाताना: माझा अनुभव

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका लहान शहरात पेट्रोल पंपाला जोडून आमचे दुकान आहे. तिथे एकाच काउंटरवर आम्ही सिगारेट आणि डबीतली तंबाखू विकतो आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या वतीने हरणाच्या शिकारीचे परवानेही देतो. त्यामुळे शहराच्या कौन्सिलने, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या नगरमंडळाने, तंबाखूविक्री आणि हद्दीतील शिकार या दोन्हींचे नियम एकाच बैठकीत बदलायला घेतले, तेव्हा त्यांतला कोणताही विषय माझ्यासाठी परका नव्हता.

असा बदल करायचा असेल तर तंबाखूच्या परवानाधारकांना बैठकीच्या किमान 30 दिवस आधी टपालाने कळवावे, असे राज्याचा कायदा सांगतो. आलेल्या पत्रात फक्त विषय होता, म्हणून पूर्ण मसुदा मी सिटी हॉलमधून मागून आणला आणि राज्याच्या कायद्याशी ताडून कलमवार वाचला. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच होते. ओळखीचे काही दुकानदार दंड कमी करून मागण्याच्या तयारीत होते. पण 21 वर्षांखालील ग्राहकाला विक्री झाल्यास पहिल्या वेळी 300 डॉलर, 36 महिन्यांत पुन्हा झाल्यास 600 डॉलर आणि तिसऱ्यांदा 1,000 डॉलर दंडासह किमान 7 दिवस परवाना स्थगित, ही किमान मर्यादा राज्यानेच घातलेली आहे. कौन्सिल त्याहून कडक होऊ शकते, सौम्य होऊ शकत नाही. जे देणे समोरच्याच्या हातातच नाही, ते मागण्यात बोलण्याची वेळ वाया जाते, हे मी त्यांना समजावून सांगितले.

मला स्वतःला हा दंड योग्य वाटतो. माझे बालपण निपाणीजवळ, तंबाखूच्या पट्ट्यात गेले आहे आणि तळहातावर चुना-तंबाखू मळण्याची सवय पुढे माणसाच्या तोंडाचे काय करते, हे मी जवळून पाहिले आहे. शिवाय या बाबतीत शहरांनी राज्याच्या आधी पाऊल टाकलेले आहे. मिनेसोटात विक्रीचे किमान वय 21 करणारे पहिले शहर एडायना, तेही 2017 मध्ये. केंद्राचा कायदा डिसेंबर 2019 मध्ये आला आणि राज्याचा ऑगस्ट 2020 पासून लागू झाला.

मसुद्यात मला एक जुनी तरतूद राहून गेलेली दिसली. 27 वर्षांखालील दिसणाऱ्या ग्राहकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र तपासावे, असे त्यात लिहिले होते. परंतु केंद्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ही मर्यादा 30 सप्टेंबर 2024 पासून 30 वर्षे केली आहे. शहराचा कागद एक सांगतो आणि केंद्राचा दुसरे, अशा स्थितीत काउंटरवर उभ्या असलेल्या तरुण कर्मचाऱ्याने काय करायचे? म्हणून बदललेले वाक्य लिहून मी ते सिटी क्लार्ककडे, म्हणजे शहराची कागदपत्रे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, बैठकीपूर्वीच दिले.

शिकारीच्या बाबतीत लोकांचा गोंधळ याहून मोठा होता. हंगाम कधी, एकाने किती हरणे मारायची, हे सर्व राज्य ठरवते. शस्त्रांविषयी नियम करण्याचा शहराचा अधिकार राज्याने अगदी मर्यादित ठेवला आहे आणि त्यात मुख्यतः हद्दीत बंदूक कुठे चालवायची, कुठे नाही, एवढेच येते. आमच्या मसुद्यात वस्तीच्या भागात बंदुकीला पूर्ण मनाई होती आणि मोकळ्या मोठ्या जमिनीवर, मालकाच्या लेखी संमतीने, धनुष्यबाणाला परवानगी होती. रस्त्यावर आडव्या येणाऱ्या हरणांमुळे गाड्यांचे अपघात होतात, तर दुसरीकडे घरामागच्या अंगणात मुले खेळत असतात. त्यामुळे हा मध्यममार्ग मला समंजस वाटला. माझी सूचना एवढीच होती की परवानगी असलेल्या भागाचा नकाशा उपविधीला, म्हणजे शहराच्या या नियमाला, जोडावा. परवाना घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न मला विचारतो, आणि रस्त्यांची नावे वाचून दाखवून त्याचे समाधान होत नाही.

बैठकीतल्या जाहीर सुनावणीत प्रत्येकाला बोलायला 3 मिनिटे होती. मी कलमाचा क्रमांक, आताचे वाक्य आणि सुचवलेले वाक्य, एवढेच वाचले. वयाच्या दुरुस्तीवर शहराच्या वकिलांनी लगेच मान्यता दिली. नकाशावर चर्चा झाली, कारण जमिनी विकल्या गेल्या की तो जुना होणार. अखेर तो उपविधीबाहेर ठेवून दरवर्षी हंगामापूर्वी सिटी हॉलने प्रसिद्ध करावा, असे ठरले. माझ्या सूचनेपेक्षा ही व्यवस्था चांगली आहे.

माझी तिसरी मागणी मात्र मान्य झाली नाही. 21 वर्षांखालील तरुणांना ग्राहक म्हणून पाठवून वर्षातून किमान एकदा जी अचानक तपासणी केली जाते, तिचा निकाल दुकानाला ठराविक मुदतीत कळवावा, असे मी म्हटले होते. निकाल उशिरा आला तर कॅमेऱ्यातले चित्रण पुसले गेलेले असते, आणि दंडापूर्वी सुनावणीचा जो हक्क कायद्याने दिला आहे, तो वापरायला दुकानदाराच्या हाती काहीच उरत नाही. तपासणी पोलीस करतात, त्यांच्याशी बोलावे लागेल, असे उत्तर मिळाले.

मतदानानंतर दोन्ही उपविधी शहराच्या अधिकृत वृत्तपत्रात छापून आले आणि लागू झाले. तपासणीच्या निकालाची मुदत किती असावी, याविषयीचे वाक्य मी आता पोलीस प्रमुखांना लेखी पाठवले आहे आणि परवाना शुल्काच्या पुढील आढाव्यात ते पुन्हा मांडणार आहे.